तोंडपाठ

लेकीची सोयरीक ठरवायला आलेले मुलाचे आजोबा माझ्या हातचा चहा पिताना मोगादिशूच्या आठवणींत हरवले होते. "तिथं कुणी कुणाला कूळ विचारत नसे, बाई. एका ताटात जेवायचो सगळे." मग आम्हा सोमालींची जुनी खोड, बापजाद्यांची नावं म्हणायला लागले. गेदी, वर्सामे, रूबले... आणि अडकले. बाहेर मिनियापोलिसचा बर्फ पडत होता. म्हाताऱ्याचे ओठ नुसतेच हलत राहिले, डोळे भरून आले.

मला बघवेना. "लीबान," मी म्हणाले, आणि पुढची नावंही ओघात तोंडातून निघून गेली.

आजोबांनी माझे दोन्ही हात धरले. "अगं, मग तू आमचीच की!" सगळे हसले. निकाहची तारीखसुद्धा निघाली.

माझी होदन तेवढी हसली नाही. माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. "आई, घरात कुळाचं नाव काढू देत नाहीस. मग त्यांचे पूर्वज तुला तोंडपाठ कसे?"

काय सांगू पोरीला? युद्धात या आजोबांच्याच कुळाच्या माणसांचा रस्त्यावर नाका होता. हीच नावं घडाघडा म्हणेल तो आपला, त्याला सोडायचे; अडकेल त्याला गोळी. मी आणि माझा भाऊ रात्रभर घोकत बसलो होतो.

"शेजारी होते ना आमचे," मी म्हणाले आणि साखर ढवळत राहिले.

भाऊ लीबानपाशीच अडकला होता.