मोरीतलं पाणी

चाळीस वर्षांच्या संसारात अभिमननानांनी लघवीनंतर मोरीत कधी तांब्याभर पाणी टाकलं नव्हतं. झुंबरबाईच कुरकुरत टाकायच्या. या आठवड्यात मात्र नाना बादलीच ओतू लागले. सून खूश झाली. झुंबरबाईंनी टांगा बोलावला.

"चला पाचोऱ्याला, डॉक्टरकडे. रोज काय धुऊन लपवताय?"

नाना वरमले. "लाल होतेय. पण दुखत नाही गं."

"दुखलं नाही तरी लाल दिसली की त्याच दिवशी यायचं!" डॉक्टर रागावले. मूतखडा होता; औषधाने पडला.

दोन महिन्यांनी नाना पाणी न टाकताच मोरीतून बाहेर आले. झुंबरबाईंनी आत डोकावून पाहिलं, हसत तांब्या ओतला आणि देवापुढे साखर ठेवली.