‘फिजी जिंकेल’चा भाव

“निळ्यावर बावन्न सेंट, हिरव्यावर एक्केचाळीस,” मुनसामीने जाहीर केलं. फोन मांडीखाली सरकवला, चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “काल दोन्हीकडे सत्तर होता. कुणीतरी बोललंय.”

फिजीतल्या बा गावात, मुनसामीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मुळी कुटून पाण्यात कालवलेल्या ग्रोगचं तसराळं मध्ये ठेवून तिघे चटईवर बसले होते: मुनसामी, टॅक्सीवाला जलील आणि निवृत्त पोलीस सितिवेनी. बुधवारी लौटोकाला फिजीचा वानुआतूशी मैत्रीचा सामना होता, आणि त्या मैत्रीवर लोक दोन ॲपांवर पैसे लावत होते. दोन्हीकडे एकच वाक्य विकायला होतं: ‘फिजी जिंकेल’. फिजी जिंकली तर एका वाक्यामागे एक डॉलर मिळे, नाहीतर काहीच नाही. लोकांचा भरवसा वाढला की वाक्य महागायचं, उडाला की स्वस्त व्हायचं. निळं ॲप कमिशन घेत नसे, पण जिंकलेले पैसे द्यायला आठवडा लावी. हिरवं कमिशन कापून घेई, पण पैसे हातोहात देई. यातलं बरं कुठलं, यावर तिघांनी बरेच दिवस खल केला होता. निव्वळ अभ्यास म्हणून.

भाव पडायला कारण एकच असू शकत होतं, आणि ते मुनसामीच्या नातवाच्या उजव्या हाताला होतं. रोनील हा फिजीचा गोलकीपर. सरावात त्याचं मधलं बोट दुखावलं आणि सुजून केळं झालं. ऑकलंडच्या एका क्लबचा माणूस बुधवारी खास त्याला बघायला येणार होता. कोचला बोटाचं कळलं असतं तर रोनील बाकावर बसला असता, आणि ऑकलंडचा माणूस दुसऱ्याच कुणाला उचलून घेऊन गेला असता. म्हणून बोट चौघांतच ठेवलं होतं. सितिवेनीने ते चोळून दिलं. एक्स-रे काढायला जलीलने टॅक्सीतून पार राकीराकीला नेलं, कारण बाच्या इस्पितळात डॉक्टरपासून माळ्यापर्यंत सगळे फुटबॉलवाले.

“माझ्याकडे काय बघतोस?” जलील म्हणाला. “मी टॅक्सीवाला माणूस. मागच्या सीटवरचं आम्हाला ऐकूच येत नाही.”

“तुला जेवढं ऐकू येत नाही, तेवढंच गावाला कळायचं राहतं,” सितिवेनी म्हणाला.

“आणि तू रे? तुझी बायको सांगत होती, आज चर्चमध्ये तू सगळ्यांत शेवटी डोळे उघडलेस. काय मागत होतास एवढं?”

“तुझ्यासाठी सद्बुद्धी. वेळ लागतो त्याला.”

निळ्यावरचा भाव का पडला, हे मात्र मुनसामी कुणाला विचारत नव्हता. एवढ्याशा सामन्याला गिऱ्हाईक ते किती असणार. एक माणूस शिंकला तरी भाव हलायचा. सकाळी पूजा आटोपल्यावर त्याने आपल्याकडची सगळी ‘फिजी जिंकेल’ निळ्यावर विकून टाकली होती. पण ते वेगळं. तो सख्खा आजा होता, बोट घरचं होतं. हिरव्यावर विकणारा हरामखोर कोण, ते त्याला कळायलाच हवं होतं.

तेवढ्यात रोनील आला. रविवार म्हणून टीमला दुपारची सुट्टी होती. उजवा हात खिशात ठेवून तो चटईच्या कडेला टेकला.

“आजा, घोटाळा झालाय. कोच ते भाव बघतो. पैसे लावत नाही म्हणे, नुसता बघतो.”

“आम्हीपण नुसतेच बघतो,” जलील म्हणाला.

“सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं. म्हणाला, तुमच्यातला कुणीतरी दुखणं लपवतोय. संध्याकाळपर्यंत भाव वर आला नाही, तर उद्या एकेकाला डॉक्टरपुढे उभं करणार.”

“मग तू काय म्हणालास?” मुनसामीने विचारलं.

“मी काय म्हणणार? माझ्या बोटाचं तुम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी दुखत असणार.” असं म्हणून रोनीलने तिघांकडे पाहिलं. घाई न करता पाहिलं.

तिघांनी एकदम तसराळ्यात पाहिलं.

“ऑस्ट्रेलियातल्या सट्टेवाल्यांचं काम आहे हे,” शेवटी सितिवेनी म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. “लघवीला जाऊन येतो.”

ग्रोग प्यायल्यावर लागतेच. त्यात विशेष काही नव्हतं. तो परत आला तसा जलील उठला. त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग मुनसामीलाही लागली.

संडास पपईच्या झाडामागे होता. आतून कडी लावून मुनसामीने चष्मा नाकावर ओढला आणि सकाळी विकलेली ‘फिजी जिंकेल’ परत घ्यायला लागला. तो जसजसा घेई, तसतसा भाव चढे. शेवटची काही तर त्याने सत्तरच्याही वर घेतली. कुणाकडून घेतोय ते दिसत नव्हतं, पण तो जो कोणी होता तो आज मजेत जेवणार होता. बाहेर पडण्याआधी मुनसामीने तोंडावरून हात फिरवून ते नेहमीसारखं केलं.

रोनील डाव्या हातात फोन धरून बसला होता.

“आजा, गंमत बघ. निळ्यावर चौऱ्याहत्तर, हिरव्यावर एक्क्याऐंशी.”

सितिवेनीने जलीलकडे पाहिलं. जलीलने मुनसामीकडे पाहिलं.

“संशयास्पद आहे,” सितिवेनी म्हणाला.

“आतली बातमी असणारा कुणीतरी आहे,” मुनसामी म्हणाला.

“चौकशी झाली पाहिजे,” जलील म्हणाला.

रोनीलने डाव्याच हाताने करवंटी तसराळ्यात बुडवली, काठोकाठ भरली आणि आजासमोर धरली.

“हे घ्या, आणि आता यापुढे कुणी लघवीला जाऊ नका,” तो म्हणाला. “भाव आणखी चढला, तर कोच म्हणेल वानुआतूला हरायला कुणीतरी पैसे चारलेत.”