ताईचा बोर्ड

माळावरची एका खोलीची केबिन ताईनं स्वतः उभारली. विजेचा बोर्डही तिनंच निवडला, आठ स्विचांचा.

"एवढ्याशा खोलीला चारचा पुष्कळ झाला," दादा म्हणाला.

"प्रत्येक उपकरणाला वेगळी लाइन हवी. बघच तू."

संध्याकाळी तिनं पंप, गिझर, शेगडी, हीटर सगळं एकदम लावलं. शेगडी लालबुंद झाली, तरी दिवा जरासुद्धा मिणमिणला नाही.

"हरलो बाई तुझ्यापुढे!" दादानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. जन्मात पहिल्यांदा त्यानं हार मानली होती. ताईचा ऊर भरून आला.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. बोर्डामागच्या भिंतीतून, सावकाश, मनापासून.

हात सोडवून ताईनं मेन स्विच पाडला.

अंधारात टाळ्या वाढल्या.