उपास सोडायची धिरडी

"कोन आलं होतं वं एवढ्या सकाळी?" देवापुढून उठत बायजाबाईंनी विचारलं.

"बाजूचे मारोतराव," देवकी म्हणाली. "घमेलं मागाले आले होते."

"घमेल्यासाठी एवढा वेळ बोलून राहिले होते?"

देवकीनं दाराला कडी घातली, खिडकी ओढून घेतली आणि स्टोव्हला पंप मारला. भर्र आवाजानं स्वयंपाकघर भरून गेलं.

स्टोव्ह एरवी पाहुणे आले तरच पेटायचा. रोजची न्याहारी सिगडीवर व्हायची. बायजाबाई घासलेटावरून बोलणारच होत्या, पण कालची एकादशी त्यांनी नुसत्या पाण्यावर काढली होती. मागच्या एकादशीनंतर त्या न्हाणीपाशी चक्कर येऊन पडल्या होत्या. भिंतीचा आधार घेत त्या पाटावर बसल्या.

देवकी गव्हाचं पीठ भिजवत होती. त्यात कांदा, मिरची, जिरं. तिचे डोळे लालभडक झाले होते.

"कांदा चिरताना रडते काय कोनी एवढं?"

"तिखट आहे कांदा."

बायजाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. सून नुकतीच नाहल्यासारखी दिसत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. आणि गेला आठवडाभर सासूशी धड न बोललेली ही पोरगी आज न सांगता धिरडी करायला बसली होती.

त्यांच्या लक्षात आलं. सदरची खोली!

मुलगा ओमप्रकाश शहराच्या दुसऱ्या टोकाला, सदर भागातल्या एका व्यापाऱ्याचा मेटाडोर चालवायचा. तिकडेच खोली घेऊ, असं देवकीनं नवऱ्याच्या मागे लागून ठरवलं होतं. काल संध्याकाळी काटोलला संत्री आणायला निघताना तो म्हणाला होता, "आई, उद्या आलो का बोलू." म्हणजे तो यायच्या आत सासूला खाऊ घालून गोड करायचं चाललं होतं.

पहिलं धिरडं तव्याला चिकटलं.

"अवं, अर्धा कांदा तेलात बुडव अन् फिरव तव्यावर. अन् पीठ अजून सैल कर. सांबार टाकला का?"

देवकीनं चिरलेली कोथिंबीर पिठात टाकली. पुढचं धिरडं जाळीदार सुटलं. तिनं ते ताटात वाढलं, बाजूला दही घातलं.

"पहिले ओमाचे दोन काढून ठेव. तो येईनच आता."

"तुम्ही खा, आई."

"तू नाही खात?"

"तुमचं झाल्यावर."

दुसरं धिरडं संपलं तशी बायजाबाईंच्या अंगात तरतरी आली. तिसऱ्याला त्या नको म्हणाल्या, तर देवकीनं त्यांचा हात धरला. असा हात तिनं कधी धरला नव्हता.

"खा ना, आई. माझ्यासाठी खा."

बायजाबाईंनी घास तोंडात घातला आणि तो घोळवत बसल्या. नवरा गेल्यावर एका पोरासाठी त्यांनी घर धरून ठेवलं होतं. ते सुटेल, याच भीतीनं त्या सुनेला टाकून बोलत होत्या. पण पोरगी वाईट नव्हती. पुढ्यात बसून वाढत होती.

"देवकी," त्या म्हणाल्या, "जा तुम्ही सदरले. मी नाही अडवत. सणावाराले येत जा फक्त. ओमाले मीच सांगतो, तो आला का."

देवकीच्या हातातलं उलथणं खाली पडलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"आता काहून रडते वं, पागल! हो म्हनलं ना मी!"

देवकी मान हलवत राहिली. मग तिनं पदर सोडला, सासूला पाण्याचा तांब्या दिला आणि त्या पुरतं पाणी पिईपर्यंत थांबली.

"पोट भरलं, आई?"

"भरलं, बाई."

तिनं स्टोव्हची हवा सोडली. आवाज बसला. बाहेर कोणीतरी खोकललं, कोणीतरी हुंदका दाबला.

"कोन आहे वं अंगनात?"

देवकीनं कडी काढली. दार उघडलं.

अख्खी गल्ली अंगणात जमिनीवर बसली होती. कोणी बोलत नव्हतं. मधोमध बाज होती आणि बाजेवर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर. उशाशी बसलेले मारोतराव उठून उभे राहिले.

"आईनं खाल्लं," देवकी त्यांना म्हणाली. "आना आता त्यायले आत."