दुसरा परीक्षक

सासरे धाकट्या जावयाचा लेख वाचत होते आणि शेवटचं पान आलं तरी त्यांनी पेन्सिल उचलली नव्हती. समोर बसलेल्या थोरल्या जावयाच्या पोटात केव्हाचं दुखायला लागलं होतं.

सासऱ्यांनी उभी हयात एका शास्त्रीय मासिकाचं संपादन केलेलं. थोरल्याचा प्रत्येक लेख त्यांनी वाचला होता आणि प्रत्येक लेख समासभर रेघोट्या घेऊन परत आला होता. "बरा आहे," यापलीकडे त्यांची मजल कधी गेली नाही. दोन्ही जावई मुंग्यांचेच अभ्यासक. एकाच घरच्या मुली केल्या तेवढं पुरे होतं, यानं विषयही माझाच कशाला घ्यावा, असं थोरल्याला पहिल्यापासून वाटत आलेलं.

"वा," सासरे म्हणाले. नुसतं "वा". बायकोनं कापून दिलेली सफरचंदाची फोड थोरल्याच्या हातातच राहिली.

"श्रेय माझं नाही, बाबा," धाकटा म्हणाला. नम्रपणातही हा पठ्ठ्या पुढेच. "मूळ लेख यथातथाच होता. मुंग्या ओले दाणे वारुळाबाहेर आणून टाकतात ते बुरशीच्या वासामुळे, असं मी ठोकून दिलं होतं. छापण्याआधी मासिकानं तो दोन परीक्षकांकडे तपासायला पाठवला. पहिल्यानं छान म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यानं मात्र सालटी काढली माझी! म्हणाला, ओले पण बुरशी नसलेले दाणे ठेवून बघा आणि मग बोला. सगळं पहिल्यापासून केलं. तर मुंग्यांनी तेही उचलून बाहेर टाकले. वासाचा संबंधच नाही, नुसती ओल!"

दुसरा परीक्षक खाली मान घालून सफरचंद चावत होता.

लेख परीक्षणाला आला तेव्हा लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण थोरल्यानं पहिल्याच पानावर साडूला ओळखलं होतं. लेखक ओळखीचा वाटला, त्यातून नात्यातला निघाला, तर लेख तिथल्या तिथे परत करायचा, हा साधा नियम. थोरल्यानं 'लेखक अनोळखी' असं कळवलं आणि बाह्या सरसावून बसला. इतकं काम सांगायचं की गडी वैतागून नाद सोडेल, एवढाच त्याचा हिशेब. गड्यानं नाद सोडला नाही. लेख असा काही सुधारून परत आला की खोट काढायला जागा उरली नाही, आणि दात-ओठ खात त्यालाच तो मंजूर करावा लागला.

"हा दुसरा परीक्षक कोण, ते कळायला हवं," सासरे म्हणाले. "असं डोकं मी फार थोड्यांचं पाहिलंय. इतकी वर्षं संपादक होतो, पण असा माणूस हाताशी मिळाला नाही मला."

थोरल्याचे कान तापले. ज्या शब्दांसाठी तो लग्न झाल्यापासून झुरत होता ते शब्द त्याच्याबद्दलच होते, त्याच्यासमोर होते, आणि तरी त्याला मिळत नव्हते. माणसाला स्वतःचाच हेवा वाटू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आता चांगलं कळलं.

"मला वाटतं, आपला दाढीवालाच असणार," सासरे पुढे म्हणाले. दाढीवाला म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी, आता एका मोठ्या संस्थेचा संचालक. "एवढं बारकाईनं वाचणारा दुसरा कोण आहे?"

हे मात्र अति झालं.

"दाढीवाला?" थोरला उसळला. "अहो, त्याला मुंगी आणि मुंगळा यातला फरक कळत नाही! दाणे आधी उकळून घ्या म्हणजे बुरशी मरेल, हे त्याला सात जन्मात सुचलं नसतं!"

धाकटा हसता हसता थांबला. "उकळून? उकळले की दाणे फुटत होते, म्हणून मी ते सोडून दिलं. स्पिरिटनं धुतले. उकळण्याचा लेखात कुठे उल्लेखसुद्धा नाही, दादा." मग थोरल्याकडे बघत तो म्हणाला, "ते फक्त त्या परीक्षकानं लिहिलं होतं."

थोरल्याची बायको फोडी करायची थांबली. सासऱ्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही?"

थोरल्यानं होकारार्थी मान हलवली. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर, इतकं झाल्यावरही त्याला आशा होती की आता तरी हे 'वा' म्हणतील.

सासरे म्हणाले नाहीत.

"उद्या संपादकांना कळवा," ते म्हणाले. "नाहीतर मला कळवावं लागेल. साडूनं साडूचा लेख मंजूर केला, ही गोष्ट झाकून ठेवता यायची नाही. ते लेख मागे घेतील, पुन्हा परीक्षणाला पाठवतील." मग ते धाकट्याकडे वळले. "तुमची यात काही चूक नाही. पण भोगायचं तुम्हालाच आहे."

हा लेख बुडावा म्हणून थोरल्यानं जंग जंग पछाडलं होतं. आता तो खरंच बुडत होता, आणि त्याला बायकोकडे बघायची हिंमत होत नव्हती. धाकटा चार शिव्या हासडेल, निदान ताडकन उठून जाईल, याची तो वाट बघत राहिला. त्यानं फार बरं वाटलं असतं.

धाकटा उठला. चेहरा उतरला होता त्याचा. खुर्ची ओढून तो थोरल्याच्या शेजारी येऊन बसला.

"पाठवू देत पुन्हा," तो म्हणाला. "पण दादा, तुमच्यासारखा परीक्षक मला पुन्हा मिळायचा नाही हो."