घरटी एक माणूस

“आई, उद्यापासून सकाळी तू माझ्याबरोबर शाळेच्या मैदानावर यायचं. अर्धा तास चालायचं, मग हातपाय हलवायचे. घरटी एक माणूस पाहिजे.”

नात बोलत होती स्वयंपाकघरात, पण आवाज असा लावला होता की बाहेरच्या खोलीत आजीला टीव्हीवरचं ऐकू येईना. आजीने टीव्ही बंद केला.

“काय खूळ आहे गं ते?”

खूळ नववीच्या मुलांचं होतं. मोठी माणसं घरात बसून बसून गंजतात, त्यांना आपण हलवायचं, असं या पोरांनी आपसांत ठरवलं होतं. खेळाचे मास्तर नुसतं फाटक उघडून देणार, बाकी कारभार पोरांचा. चौदा वर्षांच्या नातीच्या गळ्यात कालपासून शिट्टी होती आणि झोपतानाही ती निघत नव्हती.

“आणि सकाळचा चहा कोण करणार? डबे कोण भरणार? तुझी शिट्टी?”

सून काही बोलली नाही. पातेलं घासत राहिली. तिचं हे न बोलणं आजी चांगलं ओळखून होती. आज अर्धा तास मैदान, उद्या तासभर मैत्रिणी, परवा कपाटाच्या किल्ल्या. या घरातून सकाळी कोण बाहेर पडणार हे आजी ठरवायची. हा मान तिने स्वतःच्या सासूकडून बरीच वर्षं दातओठ खाऊन मिळवला होता. तो एका शिट्टीवर सोडून द्यायला ती काही दूधखुळी नव्हती.

“मग आपल्याकडून कोण? बाबा तर उजाडायच्या आत कामावर जातात. सगळ्यांच्या घरचं कुणीतरी येणार. वर्गात माझं नाक कापलं जाईल, आजी.”

“रडू नकोस. मी येते.”

पातेल्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

आजीच्या रक्तात साखर होती. चाला, नाहीतर एक दिवस पायावर बेतेल, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. “चार लोकांसमोर घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरायला मला वेड लागलेलं नाही,” असं त्यालाच सुनावून ती घरी आली होती. तेव्हापासून त्या विषयाचं नाव काढायची घरात कुणाची छाती नव्हती.

सकाळी मैदानावर पहिली गाठ पडली ती खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीची. तिला तिच्या मुलाने हाताला धरून आणलं होतं.

“अगंबाई, तुम्ही? तुम्ही तर जिना उतरत नाही म्हणे.”

“उतरत नव्हते. खाली बघण्यासारखं कुणी नव्हतं.”

शिट्टी वाजली.

“माझ्यावर काय वाजवतेस? मी काय चौकातली मोटार आहे?” आजी म्हणाली, पण निघाली. शिंपीण पुढे होती, म्हणून आजीने पाय उचलला. ती मागे पडली, तेव्हा ती पुढे येऊ नये म्हणून आणखी उचलला. कडेने पोरं ओरडत होती, “हात हलवा, काकू! मान वर!” धाप लागली तरी आजीने तोंड मिटून घेतलं. धाप दिसायला नको.

“अहो,” शिंपीण मागून म्हणाली, “तुमची चप्पल मागे राहिली की!”

आजीने खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल फाटकापाशी पडली होती, आणि आजी तर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. मधे सगळी खडी होती. अंगठ्याजवळून थोडं रक्त आलं होतं.

“मुद्दाम काढली,” आजी म्हणाली. “पायाला माती लागलेली बरी असते.”

पण ती तिथेच पायरीवर बसली. पाऊल उलटं करून तिने जखमेवर बोट दाबलं. मग जोराने दाबलं. बोटाला कळलं, पायाला कळलं नाही.

नात पिशवी घेऊन धावत आली. तिने जखम पाण्याने धुतली, पट्टी लावली आणि पिशवीतून बूट काढले. करडे, मऊ तळव्याचे, कोरे. पायात सरकवले तर तसूभर इकडेतिकडे नाही.

“कुणाचे हे?”

“तुझे.”

“माझं माप तुला काय ठाऊक?”

“आईने घेतलं. मागच्या आठवड्यात. तू दुपारी झोपली होतीस, तेव्हा दोऱ्याने.”

आजीने बुटांकडे पाहिलं. मागच्या आठवड्यात. म्हणजे काल स्वयंपाकघरात तो गळा काढला गेला, त्याच्या आधीच बूट घरात येऊन पडले होते. सून पायाशी बसली होती, टाचेपासून बोटापर्यंत दोरा धरला होता, आणि पायाला पत्ता नव्हता.

नात मान खाली घालून उभी राहिली. आजीचा पट्टा एकदा सुटला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. शिंपीणही ऐकायला थांबली होती.

“बघतेस काय?” आजीने पाय पुढे केला. “नाडी बांध. घट्ट.”

नातीने एक बांधली, मग दुसरी. आजी तिच्या खांद्यावर हात टेकून उठली आणि शिंपिणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने वाकली.

“उद्याही आईलाच विचारायचं,” ती म्हणाली. “आणि मोठ्याने. मला बाहेर ऐकू आलं पाहिजे.”