बटण पुन्हा निघालं

"काकू, पुन्हा निघालं बघा," असं म्हणत चौथ्या मजल्यावरच्या नर्सने आपल्या दारातच बटण काकूंच्या तळहातावर ठेवलं. ती हसत होती. काकूंना मात्र हसू येईना. आठवड्यातलं हे चौथं बटण. सोमवारी इमारतीतल्याच वकीलसाहेबांच्या कोटाचं निघालं, तेही भर कोर्टात. मग बाळंतिणीच्या गाऊनची दोन, आणि आज हिच्या एप्रनचं. चारही मास्तरांनी लावलेली.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेला माणूस. मास्तरांनी लावलेलं बटण ओढलं तर कापड फाटेल, बटण हलणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं रुसून बसली. वाटीतले शेंगदाणे रोज एकेक करून उचला, असा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला. "मी काय बालवाडीत आहे?" असं म्हणून मास्तरांनी दोन दिवसांत वाटी बाजूला सारली. त्यानंतर तो हात मांडीवर नुसता पडून असायचा. काकू दोन महिने त्यांच्या उशाशी बसून होत्या. दूधसुद्धा दारात येणारंच घ्यायच्या.

मग एके दिवशी नर्स तुटलेलं बटण घेऊन आली. तिला मास्तरांच्या आजाराचा पत्ता नव्हता. नाही म्हणणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. पाऊण तास लागला, सुईला शंभर शिव्या बसल्या, पण बटण लागलं. त्या दुपारी मास्तर दोन घास जास्त जेवले. काकूंनी मनाशी काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवसापासून काकू बटणं गोळा करायला निघाल्या. पहिल्या दिवशी दोन मजले चढताना तीनदा जिन्यात बसल्या. इमारतीतली खरोखर तुटलेली बटणं तीन आठवड्यांत संपली, तेव्हा त्यांनी पिशवीत कात्री टाकली. "कोट माझा, बटण माझं, कापा बिनधास्त," वकीलसाहेब म्हणाले. नर्स बटण कापता कापता काकूंचं ब्लडप्रेशर तपासून घ्यायची. बाळंतीण बाळ काकूंच्या मांडीवर देऊन निवांत अंघोळ करून यायची. दिवसाला एक बटण, आणि त्यासाठी अख्खी सकाळ. कोणी मास्तरांना काही बोललं नाही. त्यांना कळलं असतं की सगळं मुद्दाम चाललंय, तर त्यांनी सुई खिडकीतून फेकली असती. निदान काकूंना तरी तसंच वाटत होतं.

हात सुधारत गेला. महिन्याभरापूर्वी डॉक्टर म्हणाले, "उत्तम. अजून महिनाभर चालू ठेवा, मग गरज नाही. पण पकड पुन्हा सैल वाटली तर ताबडतोब घेऊन या." महिना भरला. गेल्या शनिवारी काकूंनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. आणि सोमवारपासून ही बटणं निघायला लागली.

एप्रन आणि बटण घेऊन काकू चारही जिने न थांबता उतरल्या.

"अहो, हे लावा. आत्ता, माझ्यासमोर."

मास्तरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निमूट सुई घेतली. दोरा पहिल्याच खेपेला ओवला. बोटं सराईतासारखी चालत होती. दोन मिनिटांत बटण लागलं. काकूंनी ते चिमटीत धरून ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. बटण जागचं हलेना.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की काळजीचं, त्यांचं त्यांनाच कळेना. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "कात्रीने कापून आणत होते हो मी. रोज. सगळी इमारत सामील होती."

"मला माहितेय."

"काय?"

"तुटलेला दोरा कुठला आणि कापलेला कुठला, हे मला कळत नाही होय? पहिलंच कापलेलं बटण आणलंस, तेव्हाच कळलं. वाटलं होतं, फाडकन बोलावं. पण हाताला बरं वाटत होतं, म्हणून गप्प बसलो."

काकूंनी डोळे पुसले. बरं, हे ठीक. पण मनातली भीती जात नव्हती. "हात एवढा चांगला आहे, मग या आठवड्यात चार का निघाली? डॉक्टरांकडे जायचं का आपण?"

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. एवढा वेळ त्यांनी कधी चष्म्याला दिला नव्हता.

"महिना संपत आला, तसं मी गाठ मारायचंच सोडलं," ते म्हणाले.

"अहो, चाळीस वर्षांचं नाव घालवलंत! वकीलसाहेबांची भर कोर्टात फजिती झाली. का असं केलंत?"

"डॉक्टर म्हणाले ना, महिन्याने गरज नाही? म्हणजे तू पुन्हा येऊन माझ्या उशाशी बसणार. अगं, तू रोज जिन्यात उभी राहून हसतेस, ते मला इथे खिडकीशी ऐकू येतं. ते बंद पडेल अशी गाठ मी कशाला मारू?"